थंडीने करपलेले पाम तोडू नका, पावसाळ्यापर्यंत थांबा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रात्रीचा पारा आठ-नऊ अंशांखाली उतरला की थोड्याच दिवसांत माझ्या रोपवाटिकेत एकाच धाटणीचे फोन यायला लागतात. ‘आमचे पाम थंडीने जळाले, काढून न्या आणि नवे लावून द्या.’ बंगलेवाले असतात, सोसायटीचे सचिव असतात, मंगल कार्यालयांचे व्यवस्थापक असतात. नवा पाम विकला गेला तर फायदा माझाच आहे. तरीही हे पत्र लिहितो आहे, कारण जे पाम काढायला मला बोलावतात त्यांतले बहुतेक जिवंत असतात. करपलेली असतात ती नुसती पाने.

गेल्या महिन्यात आमच्याच भागातल्या एका सोसायटीने फाटकापासून मंदिरापर्यंत ओळीने उभे असलेले रॉयल पाम कापले. आपल्याकडे नर्सरीत यालाच बॉटल पाम म्हणतात. मला कळून मी पोहोचलो तोवर खोडे ट्रॉलीत पडली होती. त्यातल्या एकाचा शेंडा मी कोयत्याने उभा चिरून पाहिला. आतला गाभा पांढरा, घट्ट आणि ओलसर होता. बोट दाबले तर रुतत नव्हते, वास ओल्या खोबऱ्याचा येत होता. त्या गाभ्यात एकात एक गुंडाळलेली पुढची पाने तयार होती. चैत्र-वैशाखात ती एकेक करून बाहेर आली असती. सोसायटीच्या मंडळींना तो शेंडा दाखवला, तेव्हा सगळे गप्प झाले. झाड मेले आहे, असे ज्याने सांगितले तो माणूस खोडे भरून निघून गेला होता. एवढी वर्षे सांभाळलेली झाडे एका सकाळीत गेली, आणि त्यांना झाले होते काय, तर खालची पाने तांबूस पडली होती आणि वरच्यांची टोके वाळली होती. मला हे फार लागले. म्हणून आपल्या वृत्तपत्रातून हे सविस्तर सांगण्याची परवानगी घेतो.

आंब्याची फांदी मोडली तर बाजूने दुसरी फुटते. कडुनिंब बुंध्यापासून छाटला तरी पालवतो. एकखोडी पामाचे तसे नाही. त्याला वाढणारा कोंब एकच, तोही शेंड्यात, पानांच्या देठांच्या आत खोल दडलेला. तो मेला की झाड संपले. आणि तो जिवंत आहे तोवर सगळी पाने करपली तरी झाड परत उभे राहते. थंडी आधी पानांना लागते. कोंबाभोवती देठांचे थरावर थर असल्यामुळे आतपर्यंत पोहोचायला तिला बराच वेळ लागतो. नागपुरात तेवढा वेळ तिला मिळतच नाही. आपल्याकडे पहाटे दोन-चार तास कडाक्याचे असतात, पण सकाळी नऊ-दहाला ऊन चढते आणि दुपारी पंचवीसच्या पुढे जाते. युरोपात किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात दिवसदिवस पारा शून्याखाली राहतो. तिथल्या थंडीची आणि इथल्या थंडीची जात वेगळी आहे.

तेव्हा पाम तोडायचा विचार मनात आला तर आधी पोंगा पाहा. ज्वारी लावणाऱ्याला पोंगा म्हणजे काय ते सांगायला नको. शेंड्यावर जे न उघडलेले पान सरळ उभे असते, ते हाताने धरून हलके ओढा. घट्ट असेल तर निश्चिंत राहा. आणखी खात्री करायची असेल तर पोंगा आणि त्याला लागून असलेल्या देठांवर एकाच उंचीवर मार्कर पेनने आडवी रेघ मारून ठेवा. पोंग्यावरची रेघ बाकीच्या रेघांपेक्षा वर सरकली म्हणजे झाड वाढते आहे. ही रेघ जानेवारीत हलणार नाही, कारण माती गार असली की पामाची वाढ जवळजवळ थांबते. फाल्गुन लागू द्या, मग बघा.

पोंगा ओढल्यावर हातात आला आणि त्याचे बूड काळे, बुळबुळीत, आंबूस वासाचे निघाले, तर मात्र कोंब कुजायला लागला आहे. तरीही कुऱ्हाड आणू नका. सडलेला भाग निघेल तेवढा काढा, शेंड्यात साचलेले पाणी टिपून घ्या आणि एक टक्का बोर्डो मिश्रण ओता. आमची वडिलोपार्जित संत्र्याची बाग काटोलकडे होती. खोडातून डिंक गळण्याचा डिंक्या रोग होऊ नये म्हणून वडील बुंध्यांना बोर्डो पेस्ट लावायचे, तेव्हापासून हे मिश्रण माझ्या हातात बसलेले आहे. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना. घरी एकदोन झाडांसाठी करायचे तर एक लिटरला दहा-दहा ग्रॅम. मोरचूद अर्ध्या पाण्यात आणि चुना अर्ध्या पाण्यात, वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यात विरघळवा, मग एकत्र ओता आणि ढवळा. लोखंडी भांडे वापरू नका. तयार मिश्रणात विळ्याचे स्वच्छ पाते थोडा वेळ बुडवून बाहेर काढा. पात्यावर तांबूस थर दिसला तर चुना कमी पडला आहे, थोडी निवळी आणखी घाला. मिश्रण त्याच दिवशी वापरायचे. आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा ओता. असे पाम मे-जूनच्या उष्णतेत कोंब वर काढताना मी पाहिलेले आहेत. पहिले पान वेडेवाकडे, अर्धवट येते. त्याने घाबरू नये, पुढची सरळ येतात.

दुसरी हानी कात्रीने होते. पान थोडे तपकिरी दिसले की माळी ते देठापासून उडवतो. पण अर्धे करपलेल्या पानाचा हिरवा भाग झाडाला अन्न देतच असतो. शिवाय पामाच्या जुन्या पानांवर पिवळे-नारिंगी ठिपके आणि वाळलेली टोके दिसतात ती बऱ्याचदा पोटॅश कमी पडल्याची खूण असते. थंडीत मुळे मंदावतात, म्हणून हे हिवाळ्यात जास्त डोळ्यांत भरते. झाड तो पोटॅश जुन्या पानांतून काढून नव्यांना पुरवत असते. ती जुनी पाने तुम्ही कापली की ते वरच्या हिरव्या पानांतून काढायला लागते आणि पिवळेपणा आणखी वर चढतो. वर्षातून दोनदा सगळी पाने छाटून शेंड्यावर चार पानांचा तुरा ठेवायची पद्धत शहरात रूढ झाली आहे, ती झाडाला उपाशी ठेवण्याची पद्धत आहे. पूर्ण वाळून खाली लोंबलेले पान तेवढे काढावे. हिवाळ्यात युरिया तर अजिबात देऊ नये. मृगाचा पाऊस पडल्यावर शेणखत, निंबोळी पेंड आणि पोटॅश, पाने फार पिवळी असतील तर थोडे मॅग्नेशियम सल्फेट, एवढे पुरते.

आणि खिळे. पामाच्या खोडाला झालेली जखम कधीच भरून येत नाही. आंब्या-चिंचेच्या खोडात सालीखाली नवे लाकूड तयार करणारा थर असतो, पामात तो नसतो. जाहिरातीचा फलक लावायला किंवा लग्नाच्या रोषणाईसाठी ठोकलेला खिळा काढला तरी भोक जन्मभर राहते आणि त्यातून बुरशी आत शिरते. माळा दोरीने बांधा की!

आता मूळ मुद्द्याकडे येतो. नागपुरात कोणता पाम लावावा? २९ डिसेंबर २०१८ रोजी इथे पारा ३.५ अंशांवर उतरला होता. मे २०१३ मध्ये तो ४७.९ वर गेला होता. म्हणजे या मातीत उभ्या राहणाऱ्या झाडाला चव्वेचाळीस अंशांचा फरक सोसता आला पाहिजे. वर्तमानपत्रात येतो तो आकडा सोनेगावच्या वेधशाळेचा असतो. महाल-इतवारीच्या दाट वस्तीत रात्र त्यापेक्षा उबदार असते, आणि शहराच्या कडेच्या मोकळ्या लेआउटमध्ये, विशेषतः सखल जागी, गार हवा साचून त्याहून थंड होते. नवे बंगले तिथेच होत आहेत आणि पामही तिथेच जास्त लागत आहेत.

लागतात कुठले, तर फोटोत छान दिसणारे. अरेका नावाने विकला जातो तो मादागास्करचा, दमट जंगलातला. लिपस्टिक पाम आग्नेय आशियातल्या दलदलीचा, दहा अंशांच्या खाली तग धरत नाही. खरा बॉटल पाम, बाटलीसारख्या फुगीर खोडाचा, मॉरिशसजवळच्या बेटावरचा. यातली पुष्कळ रोपे आंध्रातल्या कडियमच्या नर्सऱ्यांतून ट्रकने येतात. गोदावरीकाठच्या ओलसर हवेत वाढलेले रोप नोव्हेंबरात आपल्या काळ्या मातीत लावले, तर मुळे धरायच्या आत थंडी येते आणि थंडी सोसून उरले तर नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ तापलेले दिवस, येतो. दोष रोपाचा नाही आणि कडियमच्या शेतकऱ्याचाही नाही. निवड आणि वेळ चुकते.

सैन्यात असताना माझी नेमणूक काही काळ उत्तराखंडात पिथौरागडला होती. तिथल्या थलकेदारच्या डोंगरात, बांज (ओक) आणि बुरांस (ऱ्होडोडेंड्रॉन) यांच्या जंगलात, पंख्यासारख्या पानांचा एक पाम वाढतो. समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार मीटर उंचीवर. हिवाळ्यात त्याच्या पानांवर बर्फ साचलेला मी पाहिला आहे. ओझ्याने पाने खाली झुकत, बर्फ घसरून पडे आणि पाने पुन्हा वर येत. विदर्भातून गेलेल्या माणसाला ते दृश्य नवलाचे होते. पाम म्हणजे समुद्रकिनारा असेच आपण धरून चाललेलो असतो. इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ बेकारी याने १९०५ साली त्याला ट्रॅकीकार्पस टाकिल हे नाव दिले. त्याचा चिनी भाऊ ट्रॅकीकार्पस फॉर्च्युनी पूर्ण वाढल्यावर उणे बारा-पंधरा अंशांपर्यंत टिकतो. चीनमध्ये त्याच्या खोडावरच्या काथ्यापासून दोर आणि पावसात घालायचे कपडे करत आले आहेत. अमेरिकेच्या आग्नेय भागातला सुईपाम तर उणे वीस सोसतो, कारण त्याचा कोंब जमिनीलगत, काट्यांच्या आणि देठांच्या गराड्यात असतो. युरोपच्या मुख्य भूमीवर मूळचा असलेला ठेंगणा पंखापाम, कॅमेरॉप्स, इटलीत पादुआच्या वनस्पती उद्यानात १५८५ सालापासून जिवंत आहे. हिवाळ्यासाठी त्याच्याभोवती काचेचे घर बांधलेले आहे. बर्फाच्या देशात पाम जगत नाही असे अजूनही कुणाला वाटत असेल तर स्वित्झर्लंडचे पाहा. तिथल्या दक्षिणेकडच्या तिचिनो भागात चिनी पाम जंगलात इतका पसरला की सप्टेंबर २०२४ पासून त्याची विक्रीच बंद केली आहे.

हे वाचून काही जण ऑनलाइन ‘उणे पंधरा सोसणारा’ पाम मागवतील. नागपूरकरांनी मागवू नये. आपल्याला उणे कधी लागत नाही, लागतो तो मे महिना. गार डोंगरात वाढलेल्या या चिनी पामाला आपल्या मे महिन्यातल्या तापलेल्या रात्री आणि गरम झळा मानवत नाहीत. थंडी सोसण्याचा गुण इथे अर्धाच कामाचा आहे. पण चिखलदऱ्याला किंवा पचमढीला ज्यांचे घर, हॉटेल, आश्रम आहे त्यांनी तो जरूर लावून पाहावा. अर्धवट सावलीत, पाणी न साचणाऱ्या जागी. ज्यांची मुले लंडनला किंवा जर्मनीत घर घेऊन राहिली आहेत आणि दारात काहीतरी आपल्याकडचे वाटेल असे लावायचे म्हणतात, त्यांनाही मी हाच सुचवतो. तिथे पहिली दोन-तीन वर्षे जपावे लागते. थंडीच्या लाटेआधी पाने वर गोळा करून सैल बांधायची, हवा खेळेल अशा कापडात गुंडाळायची, बुंध्याशी पेंढ्याचा जाड थर द्यायचा आणि शेंड्यात पावसाचे पाणी जाऊ द्यायचे नाही. कोरड्या थंडीपेक्षा ओली थंडी पामाला जास्त मारते. लाट ओसरली की कापड लगेच सोडायचे. प्लास्टिक पानांना टेकवायचे नाही.

आपल्याकडेही ओल्या थंडीची भीती आहेच. जानेवारी-फेब्रुवारीत विदर्भात अवकाळी आणि गारपीट होते, शेंड्यात पाणी साचते आणि वरून थंडी येते. अशा वेळी लहान रोपांवर रात्री गोणपाट टाकावे, सकाळी काढावे. संत्र्याच्या बागेत थंडीच्या रात्री हलके ओलित द्यायची पद्धत आहे, तीच इथे लागू पडते. कोरड्या मातीपेक्षा ओलसर माती दिवसाची ऊब जास्त धरून ठेवते. म्हणून कडाक्याच्या रात्रीच्या आदल्या दुपारी मुळाशी पाणी द्यावे, शेंड्यावर नाही. पण मुळाशी डबकेही नको. आपल्या काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही, त्यामुळे खड्ड्यात मुरूम मिसळून रोप जरा उंचवट्यावर लावणे चांगले.

नागपुरात टिकतील असे पाम आहेत. वॉशिंग्टोनिया, विशेषतः जाड खोडाचा कॅलिफोर्नियाचा, वाळवंटातला असल्यामुळे आपला उन्हाळाही सोसतो आणि हिवाळाही. रुपेरी पानांचा बिस्मार्किया मादागास्करचा असला तरी चिवट आहे, मात्र त्याला जागा भरपूर लागते आणि मोठा झाल्यावर हलवलेला त्याला खपत नाही. ताड लावायचा तर बी जागेवरच लावावे, कारण त्याचा कोंब आधी जमिनीत खोल जातो आणि रोप उपटून दुसरीकडे लावणे फार अवघड असते. सायकस हा पाम नव्हे, पण ज्यांना तोच पाम वाटतो त्यांनी खुशाल लावावा, थंडीला दमदार आहे.

या सगळ्यांच्या आधी मी शिंदीचे नाव घेतो. आपल्या नाल्यांच्या काठी, धुऱ्यांवर, काटोल-सावनेरपासून छिंदवाड्यापर्यंत ती कुणी न लावता उभी आहे. शून्याखाली काही अंश गेले तरी तिला काही होत नाही आणि सत्तेचाळीस अंशांतही ती हिरवी असते. तिच्याच पानांचा फडा घरोघरी असतो, आणि लक्ष्मीपूजनाला आपण तो पूजतो. फ्लोरिडात हीच शिंदी हॉटेलांच्या दारात आणि रस्त्यांच्या कडेला शोभेसाठी लावतात आणि मोठी झाडे चांगल्या किमतीला विकली जातात. इथे मात्र लेआउट पाडताना पहिला जेसीबी तिच्यावर चालतो. लोक मला म्हणतात, ‘ताडीचे झाड दारात कशाला?’ ताडी काढणारा असेल तर निघते, नाहीतर ते साधे झाड आहे. तिच्यावर सुगरण घरटी टांगते, फळांवर बुलबुल आणि मैना येतात. देठाच्या बुडाशी काटे असतात, हे खरे आहे. म्हणून ती फाटकाच्या अगदी आत न लावता कुंपणाच्या कडेला लावावी आणि मुले खेळतात तिथपर्यंतचे खालचे काटे छाटावेत. तेवढ्यासाठी मॉरिशसहून झाड आणायचे कारण नाही.

आपल्यामार्फत शहरात झाडे लावणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या सर्वांना माझी विनंती आहे. रस्त्यांच्या दुभाजकांवरचे पाम हिवाळ्यात आणि होळीच्या आधी छाटू नयेत, काढू तर नयेच. जुलैपर्यंत थांबावे, कारण नवे पान फुटायचे असेल तर तोवर फुटलेले दिसते. पामाचे वृक्षारोपण २६ जानेवारीला करू नये. तो मान निंब-वड-पिंपळालाही तेव्हा देऊ नये, पण पामाला तर अजिबात नको. त्याची मुळे तापलेल्या मातीत चालतात, त्यामुळे जून अखेर ते ऑगस्ट हीच त्याची वेळ. खरेदी करताना उंची आणि किंमत पाहिली जाते, तशी ‘थंडी किती आणि ऊन किती सोसतो’ हीही अट घालावी आणि ज्याने पुरवला त्याच्यावर एक हिवाळा आणि एक उन्हाळा तरी झाडाची जबाबदारी ठेवावी. सोसायट्यांनी हेही लक्षात घ्यावे की महाराष्ट्रात नागरी भागातली झाडे १९७५ च्या झाडांच्या जतनाच्या कायद्याखाली येतात. आवारातले झाड म्हणजे सचिवाच्या मर्जीचे झाड नव्हे. आधी परवानगीचे विचारावे.

आपल्यालाही एक विनंती. डिसेंबर-जानेवारीत थंडीच्या लाटेच्या बातमीत शेकोट्यांची छायाचित्रे येतात, पिकांसाठी सल्ला येतो. त्याच्याखाली घरच्या झाडांसाठी दोन ओळी द्याव्यात: दुपारी मुळाशी पाणी द्या, रोपे रात्री झाका, करपलेली पाने कापू नका. आपले वृत्तपत्र सकाळी ज्या घरांत जाते त्याच घरांतून मला हे फोन येतात.

मे-जूनमध्ये शिंदीची फळे पिकतात. दरवर्षी मी बी गोळा करून रोपे तयार करतो. सध्या मागच्या मोसमातली बरीच रोपे पिशव्यांत आहेत, ज्यांना कुणी गिऱ्हाईक नाही. ज्या शाळेला, सोसायटीला किंवा स्मशानभूमी, तलाव, मैदान सांभाळणाऱ्या मंडळाला ती येत्या पावसाळ्यात लावायची असतील त्यांना मी विनामूल्य देईन आणि खड्डे कसे घ्यायचे ते स्वतः येऊन दाखवीन. आपल्या कार्यालयात नाव नोंदवून ठेवण्याची सोय झाली तर उपकार होतील.

आपला नम्र,
एक निवृत्त सैनिक व रोपवाटिकाधारक
काटोल रोड, नागपूर